अंगाला हात लावण्याआधी



सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. हात वर करून उत्तर द्या. स्वतःच्या किंवा घरातल्या कुणाच्या ऑपरेशनच्या कागदावर तुमच्यापैकी कितीजणांनी सही केली आहे? बघा, निम्म्याहून जास्त हात वर झाले. आता दुसरा प्रश्न. तो कागद वाचून सही कितीजणांनी केली? दोन हात. नाही, तीन. लाजायचं कारण नाही, कारण आमचा हातही खालीच आहे. आमच्या घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाच्या ऑपरेशनच्या वेळी रात्री अकरा वाजता आमच्यासमोर तीन पानं ठेवली गेली. सगळी इंग्रजीत. "इथे, इथे आणि इथे," असं बोटाने दाखवलं गेलं आणि आम्ही सह्या केल्या. दोन बुकं शिकलेली माणसं आम्ही, पण कागदावर काय लिहिलंय हे विचारायचं धाडस झालं नाही. ज्यांचं पोट फाडायचं होतं, ते आजोबा शेजारच्या खाटेवर जागे होते. त्यांना तर कुणीच काही विचारलं नाही. आम्हीसुद्धा नाही.

आजचं व्याख्यान त्या रात्रीतून निघालेलं आहे. विषय पत्रिकेत 'शरीर, वैद्यक आणि नीती' असा भारदस्त छापलाय. आपण तो सोपा करून घेऊ. दुसऱ्याच्या अंगाला हात लावण्याआधी त्याला विचारायचं की नाही? आणि विचारायचं, तर कसं? या प्रश्नाचा इतिहास शोधायला लांब जायला नको. आपल्या पुणे जिल्ह्यातच तो सव्वादोनशे वर्षं मागे जातो.

पहिली गोष्ट एका बैलवाल्याची आहे. बैलगाड्याच्या घाटासाठी जीव टाकणारा हा आपला मुलूख, त्यामुळे ती तुम्हाला आवडेल.

टिपू सुलतान आणि इंग्रज यांच्यातली तिसरी लढाई १७९२ मध्ये संपली. त्या लढाईत इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा एक माणूस होता. इंग्रजी नोंदीत त्याचं नाव कावसजी असं दिलंय. नाव पारशासारखं वाटतं, पण नोंद म्हणते की तो मराठा, शेतकरी जातीतला. टिपूच्या माणसांनी त्याला पकडलं, नाक कापलं आणि एक हातही तोडला. नाक कापणं म्हणजे नुसती जखम नव्हे, हे आपल्या भाषेला ठाऊक आहे. माणूस जिवंत राहतो, पण त्याला चारचौघांत तोंड दाखवता येत नाही.

वर्षभर कावसजी तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवीन नाक बसवून दिलं. तो माणूस वैद्य नव्हता, हकीम नव्हता. नोंदीत तो विटा करणाऱ्या जातीचा असल्याचं लिहिलंय, म्हणजे आपल्या भाषेत बहुधा कुंभार. त्याने मेणाचा पातळ पत्रा घेऊन तो नाकाच्या जागी नीट बसेल असा घडवला. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला आणि भोवतीने रेघ मारली. रेघेवरून कपाळाची कातडी सोडवली, पण सगळी नाही. दोन भुवयांच्या मधोमध एक चिंचोळी पट्टी तशीच जोडलेली ठेवली. मग ती कातडी पिळा देऊन खाली वळवली आणि नाकाच्या जागी बसवली. जुन्या नाकाच्या कडा ताज्या कापून घेतल्या होत्या, त्यांत ती चपखल बसवली आणि वरून पाण्यात कालवलेल्या काताच्या पट्ट्या चिकटवल्या. कात म्हणजे आपण विड्याला लावतो तोच. पुढे तुपात भिजवलेल्या कापडाच्या घड्या. साधारण पंचविसाव्या दिवशी मधली पट्टी कापली.

मंडळी, या सगळ्यात जीवशास्त्र कुठे आहे? ते त्या चिंचोळ्या पट्टीत आहे. कातडी ही काही गोधडीचं ठिगळ नव्हे. तिला रक्त मिळालं नाही तर ती काळी पडून मरते. नवीन जागेवर बारीक रक्तवाहिन्या जुळून येईपर्यंत जुन्या जागेचं रक्त त्या पट्टीतून येत राहिलं पाहिजे. उसाच्या कांडीला मुळ्या फुटेपर्यंत तिला तिच्यातल्याच रसावर जगावं लागतं, काहीसं तसंच. त्या कुंभाराला रक्ताभिसरणाचा सिद्धान्त कुणी शिकवला नव्हता, पण पट्टी किती दिवस ठेवायची हे त्याला पक्कं माहीत होतं.

पुण्याच्या इंग्रज वकिलातीत क्रूसो नावाचा डॉक्टर होता. त्याने आणि त्याच्या एका सोबत्याने अशी शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिली. जेम्स वेल्स नावाच्या चित्रकाराने १७९४ मध्ये कावसजीचं चित्र काढलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन' या मासिकात ही हकीगत छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यवैद्याने वीस वर्षं अभ्यास केला आणि १८१४ मध्ये लंडनला तशीच शस्त्रक्रिया केली. आज जगभरच्या प्लास्टिक सर्जरीच्या पुस्तकांत पुण्याजवळच्या या नाकाचा उल्लेख असतो.

ही गोष्ट सांगितली की टाळ्या पडतात. पडू द्या. पण आम्हाला त्यातल्या दोन गोष्टी टाळ्यांपेक्षा मोठ्या वाटतात. पहिली म्हणजे, कावसजीला कुणी धरून नेलं नव्हतं. वर्षभर विचार करून तो स्वतःच्या पायांनी गेला. तेव्हा भूल नव्हती. इथर आलं ते १८४६ मध्ये. म्हणजे कपाळाची कातडी सोलली जाताना तो पूर्ण जागा होता. इतकं सहन करायला माणूस तयार होतो, तो समोरच्यावर विश्वास असेल तरच. दुसरी गोष्ट म्हणजे त्या कुंभाराचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. रोग्याचं नाव राहिलं, पाहणाऱ्या डॉक्टरांची राहिली, चित्रकाराचंही राहिलं. ज्याचे हात होते, त्याचं मात्र नाही. विचारायचं कुणाला आणि कुणाला नाही, हा प्रश्न रोग्यापुरता नसतो, हे यातून कळतं.

आता दुसरी गोष्ट. ज्यांच्या दंडावर गोल वण आहेत अशी साठीपुढची मंडळी इथे असतील. ते वण देवी काढल्याचे.

१७९६ मध्ये इंग्लंडात जेन्नरने गायीच्या देवीची लस माळ्याच्या आठ वर्षांच्या मुलाला टोचली आणि नंतर त्याच मुलाला खरी देवी टोचून लस लागू पडली का ते पाहिलं. आज असा प्रयोग कुणी करू म्हणेल तर त्याला तुरुंग दिसेल. पण त्यातून निघालेल्या लशीने कोट्यवधी जीव वाचवले. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्ही एकत्र धरून विचार करायची सवय आपल्याला लावून घ्यावी लागेल.

ही लस बगदाद, बसरा या मार्गाने मुंबईला पोचली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली आणि हिंदुस्थानात पहिल्यांदा लागू पडली. तेव्हा बर्फ नाही, फ्रीज नाही. लस जिवंत ठेवायची कुठे? तर मुलांच्या दंडात. एका मुलाला टोचायचं, आठवड्याने फोड पिकला की त्यातला द्रव काढून दुसऱ्याला टोचायचं, त्याच्यापासून तिसऱ्याला. अ‍ॅनाच्या दंडातून आणखी पाच मुलांना टोचलं आणि तिथून ती लस पुण्याकडे, सुरतेकडे, हैदराबादकडे गेली. म्हणजे हा सगळा साठा लेकरांच्या अंगावरून देशभर फिरला.

१८३० च्या दशकात दख्खन आणि खानदेशात देवी काढण्याच्या कामावर अलेक्झांडर गिब्सन हा कंपनी सरकारचा डॉक्टर होता. आपल्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात, हिवऱ्याला, त्याच्या देखरेखीखाली औषधी वनस्पतींची बागही होती. पुढे तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. म्हणजे आपल्या पंचक्रोशीत ही टोचणी निदान दोनशे वर्षांच्या घरात पोचते. मुलाला टोचून घ्यायला आया कशाबशा तयार व्हायच्या, पण आठ दिवसांनी त्याच लेकराच्या फोडातून द्रव काढायचा म्हटलं की नको म्हणायच्या. सरकारी कागदांत याला 'अज्ञान' आणि 'पूर्वग्रह' म्हटलंय. जातीपातीची अडचण होती, देवीच्या कोपाची भीती होती, हे खरंच. पण जरा त्या आईच्या बाजूने बघा. पहिली टोचणी तिच्या मुलासाठी होती. दुसरी दुसऱ्याच्या मुलासाठी. आपल्या लेकराच्या दुखऱ्या दंडाला पुन्हा सुई लावायची, ती दुसऱ्या कुणाच्या भल्यासाठी. हे तिला नीट समजावून सांगितलं असतं तर ती कदाचित हो म्हणालीही असती. पुढे १८७७ मध्ये मुंबई शहरात देवीची लस सक्तीची करणारा कायदा आला. देवीचा रोग जगातून गेल्याची घोषणा १९८० मध्ये झाली. लशीने आपलं काम केलं, यात शंका नाही. मात्र विचारण्याचं काम मागे राहिलं आणि त्याची किंमत प्लेगच्या साथीत मोजावी लागली.

आता तिसरी गोष्ट. ती जरा सावकाश सांगतो.

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात गाठीचा ताप आला. डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी हा प्लेग असल्याचं ओळखलं. पुढच्या काही महिन्यांत तो पुण्यात आला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. चारच कलमांचा, जेमतेम पान-दीड पानाचा कायदा. पण त्याने सरकारला हवं ते करायची मुभा दिली, आणि सद्हेतूने काम केलं म्हटलं की कुणावर दावा लावता येणार नाही, असंही लिहिलं. रोग्याचा हक्क असा शब्द त्यात कुठेही नव्हता.

त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्यात काय चाललं होतं, त्याची दोन दृश्यं तुमच्यासमोर ठेवतो.

पहिलं दृश्य हडपसरजवळच्या ससाणे मळ्यातलं. सावित्रीबाई फुल्यांनी आपला मुलगा डॉ. यशवंत याला बोलावून घेऊन तिथे प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या गायकवाडांच्या लहान मुलाला प्लेग झाल्याचं कळलं, तेव्हा सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. वय साठीच्या पुढे. मूल महारवाड्यातलं, ज्याला शिवायला सुखाच्या दिवसांतही कुणी तयार नव्हतं. त्या सेवेतच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. जुन्नर-ओतूरकडे सत्यशोधक समाजाचं काम मोठं होतं. या भागातल्या किती घरांत ती बातमी सुतकासारखी पोचली असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

दुसरं दृश्य त्यानंतर तीनच दिवसांनी सुरू होतं. १३ मार्चपासून पुण्यात गोऱ्या सोजिरांची घरझडती सुरू झाली. प्लेग कमिटीचा प्रमुख होता वॉल्टर चार्ल्स रँड. सोजीर घरात शिरत, देवघरात आणि माजघरातही. माणसांना उघड्यावर उभं करून काखेत आणि जांघेत गाठ आहे का ते तपासत. बायका तपासायला बायकाच असतील असं सांगितलं होतं, पण गावात बोभाटा झाला तो भलत्याच प्रकारांचा. रोगी सापडला की त्याला रुग्णालयात न्यायचं, घरच्यांना छावणीत ठेवायचं. घरातलं सामान अंगणात काढून जाळायचं, जमीन खणायची, भिंतींना चुना फासायचा. हे १९ मेपर्यंत चाललं. प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांना कसं वागवतात याविषयी पंडिता रमाबाईंनी वर्तमानपत्रात जाहीर तक्रार केली. टिळकांनी 'केसरी'तून कोरडे ओढले. आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच रात्री आयर्स्ट हा दुसरा अधिकारीही मारला गेला. पुढे फाशी, टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला, अठरा महिन्यांची शिक्षा, हे सगळं शाळेच्या पुस्तकात आहे.

शाळेच्या पुस्तकात जे नसतं ते आता सांगतो. इतक्या लोकांच्या काखा तपासून रँडच्या पथकांना काय सापडणार होतं?

प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता. पण तो एका माणसातून दुसऱ्यात जातो कसा, हे पुण्यात झडती चालली होती तेव्हा सिद्ध झालेलं नव्हतं. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून सांगितलं की उंदरावरची पिसू हा रोग पसरवते. त्याला लोक हसले. पुढे मुंबईत लिस्टन आणि प्लेग कमिशनच्या लोकांनी १९०५ नंतर ते पक्कं केलं. गंमत कशी आहे बघा. उंदीर प्लेगने मरतो, त्याचं अंग गार पडतं आणि पिसवांना नवीन ऊबदार अंग हवं असतं. जवळ माणूस झोपलेला असतो. पिसवेच्या अन्ननलिकेत जंतूंचा बोळा बसलेला असल्यामुळे रक्त तिच्या पोटात जात नाही. ती भुकेने पुन्हा पुन्हा चावते आणि दर चाव्याला जंतू आत सोडते. चावते बहुधा पायाला, म्हणून गाठ येते जांघेत.

म्हणजे झाडाझडती माणसांची चालली होती आणि रोग फिरत होता उंदरांच्या बिळांतून. वर घरं खणून काढली की तिथले उंदीर शेजारच्या घरांत जाणार, हे कुणाही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

आणि आपली खेडी काय करत होती? पूर्वीच्या लोकांकडून तुम्ही ऐकलं असेल. घरात उंदीर पडला की गाव सोडायचं. दाराला कडी लावून माळावर खोपटी घालायची, साथ ओसरेपर्यंत तिथेच राहायचं. लोक म्हणत, देवीचा कोप आहे, मरीआई आली आहे. कारण चुकीचं, पण उपाय बरोबर. उंदीर, पिसू आणि माणूस यांची ताटातूट होत होती. गावं खाली करणं हा उपयोगी उपाय असल्याचं पुढे सरकारी तज्ज्ञांनीही मान्य केलं. आडाणी म्हणून हिणवलेल्या माणसांना कुणी आधी विचारलं असतं, "बाबांनो, तुमच्या घरात आधी काय होतं आणि मग ताप येतो?" तर प्रत्येकाने सांगितलं असतं, आधी उंदीर पडतो. या उत्तरात अर्धं शास्त्र होतं.

म्हणून आमचं म्हणणं असं, की संमती विचारणं हा काही नुसता सभ्यपणा नव्हे. त्यातून ज्ञानही मिळतं. जो विचारत नाही, त्याला रोगही नीट कळत नाही.

याच साथीत आणखी एक माणूस होता, वाल्डेमार हाफकिन. रशियन साम्राज्यातल्या ओडेसाचा ज्यू शास्त्रज्ञ. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत त्याने तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. दुसऱ्याच्या अंगाला हात लावण्याआधी आपलं अंग पुढे केलं. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना लस दिली. टोचून घेतलेल्यांत रोगीही कमी आणि मृत्यूही कमी निघाले. पुढे आगा खानांनी सर्वांदेखत लस टोचून घेतली, मग त्यांचे अनुयायीही पुढे आले. इथे सोजीर लागला नाही.

पण हाफकिनलाही आपण एक प्रश्न विचारू. ते कैदी स्वेच्छेने तयार झाले, असं म्हणतात. गजाआड प्लेग फिरतोय, बाहेर जाता येत नाही, समोर साहेब उभा आहे. अशा माणसाचं 'हो' कितपत त्याचं असतं? महायुद्धानंतर, १९४७ मध्ये न्युरेंबर्गच्या निकालात लिहिलं गेलं की माणसावर प्रयोग करायचा तर त्याची स्वेच्छेची संमती हवीच. आपल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या नियमांतही कैद्यांसारख्या माणसांसाठी विशेष काळजी घ्यायला सांगितलीय. कारण दबलेल्या माणसाचा होकार ऐकताना जास्त सावध राहावं लागतं.

हाफकिनची कथा इथे संपत नाही. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावी एकाच बाटलीतली लस टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि सगळे दगावले. ठपका हाफकिनवर आला आणि त्याला कामावरून दूर केलं. लस प्रयोगशाळेतून गेली तेव्हा दूषित नव्हती, बाटली उघडताना गावातच चूक झाली असावी, असं पुढे दिसून आलं आणि १९०७ मध्ये तो दोषमुक्त झाला. परळच्या संस्थेला त्याचं नाव दिलं ते १९२५ मध्ये. चूक कुणाची हे शोधायला पाच वर्षं लागली, पण निदान शोध तरी झाला. सोजिरांच्या झडतीत काय घडलं याचा तसा शोध झाला नाही. ते आरोप विलायतेत बोलून दाखवणाऱ्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनाच परत आल्यावर पुराव्याअभावी माफी मागावी लागली.

तुम्ही म्हणाल, हे सगळं इंग्रजांच्या काळातलं. आपण तसे नाही.

बरं. मार्च २०२० आठवा. सव्वाशे वर्षांपूर्वीचा तोच साथीचा कायदा राज्यात पुन्हा लागू झाला. विलगीकरणात राहायला सांगितलेल्या माणसांच्या डाव्या हातावर शिक्के मारले गेले. आणि आपल्याकडे? आंबेगाव-जुन्नरच्या घराघरातला कुणी ना कुणी मुंबईत आहे, मार्केटला, माथाडीत, डब्याच्या कामात. ती माणसं पायी, टेंपोत बसून गावाकडे आली, तेव्हा कित्येक गावांनी वेशीवर काटेरी फांद्या आडव्या टाकल्या. आपल्याच चुलतभावाला शाळेच्या खोलीत चौदा दिवस ठेवलं आणि जेवणाचा डबा लांबून सरकवला. वेगळं राहणं गरजेचं होतं, आम्ही नाकारत नाही. पण काही घरांनी 'बाबा, तुझ्यासाठी मळ्यातली खोली झाडून ठेवलीय' असं सांगितलं, आणि काहींनी फोनच उचलला नाही. अलग ठेवणं दोन्हीकडे सारखंच, पण एका ठिकाणी सावित्रीबाईंची पाठ होती आणि दुसऱ्या ठिकाणी रँडची झडती. त्या दिवसांत आपण कोणत्या बाजूला होतो, हे ज्याने त्याने घरी गेल्यावर आठवावं.

आता शेवटची गोष्ट. ती आजची आहे, आणि आपल्या शिवारातली आहे.

दिवाळी झाली की आपल्या उसाला तोड येते. बीडकडून, नगरकडून टोळ्या येतात. बैलगाड्या, ट्रॅक्टर, कोप्या, चिल्लीपिल्ली. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, एक दिवस खाडा झाला तर दंड. पाळीच्या दिवसांतही सुट्टी नाही, कोपीत पाणी नाही, आडोसा नाही. पोटात दुखतं म्हणून बाई डॉक्टरकडे जाते आणि गर्भपिशवी काढून परत येते. २०१९ मध्ये याचा फार गवगवा झाला, तेव्हा राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पुष्कळ जणी ऐन तिशीतल्या.

प्रत्येक ऑपरेशन चुकीचं होतं असं आम्ही म्हणत नाही. गरज असते तेव्हा ते करावंच लागतं. पण कॅन्सर होईल अशी भीती घातली, हंगाम बुडेल ही भीती होतीच, उचल फिटायची होती. अशा बाईने कागदावर उठवलेला अंगठा म्हणजे संमती का? भायखळ्याच्या कैद्याबद्दल विचारलेलाच हा प्रश्न आहे. गज दिसत नाहीत, एवढाच फरक.

कायदा याबाबत स्पष्ट बोललाय. जानेवारी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. एक बाई तपासणीसाठी दाखल झाली होती, दुर्बीण घालून बघण्यापुरतीच तिची संमती होती. ती भुलेत असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची सही घेतली आणि गर्भाशय काढून टाकलं. न्यायालयाने सांगितलं, तपासणीची संमती म्हणजे ऑपरेशनची संमती नव्हे. जिवावर बेतलेलं नसेल, तर सज्ञान, शुद्धीवर येणाऱ्या माणसाच्या वतीने आईचीही सही चालत नाही. थांबायचं, तिला जागं होऊ द्यायचं आणि तिला विचारायचं. माता-भगिनींनो, हे लक्षात ठेवा. शरीर तुमचं, सही तुमची. नवऱ्याची नाही, सासूची नाही, मुकादमाची तर नाहीच नाही.

डॉक्टरांच्या बाजूचंही एक वाक्य बोललं पाहिजे. ओपीडीत दीडशे माणसं, हाताखाली एक नर्स, आणि नातेवाईक म्हणतात, "डॉक्टर, तुम्हीच ठरवा, आम्हाला काय कळतंय." विचारायला वेळ लागतो, आणि ऐकून घेणाराही तयार असावा लागतो. आपण प्रश्न विचारत नाही, आणि नंतर काही बिनसलं की काचा फोडतो. तोंडाने विचारायचं ते हाताने विचारलं तर नुकसान सगळ्यांचंच होतं.

म्हणून पुढच्या वेळी कागद समोर आला, तर तीनच प्रश्न विचारा. काय करणार आहात? ते कशासाठी? आणि नाही केलं, किंवा थोडं थांबलो, तर काय होईल? मराठीत विचारा, उत्तर मराठीत मागा. आणि ज्याच्या अंगावर हत्यार चालणार आहे तो शुद्धीवर असेल, तर त्याच्या खाटेशी उभं राहून विचारा, म्हणजे त्यालाही ऐकू जाईल. आमच्या आजोबांच्या वेळी आम्ही हे केलं नाही. ऑपरेशन चांगलं झालं, ते घरी आले. चार दिवसांनी त्यांनी एवढंच विचारलं, "माझ्या पोटातनं काढलं तरी काय रे?" आमच्याकडे उत्तर नव्हतं.

आशाताई आज इथे बसल्या आहेत. त्यांना एक विनंती. यंदा तोडीच्या टोळ्या आल्या की एखादी संध्याकाळ कोप्यांवर जाऊन या. गावातल्या दोघी-तिघी बरोबर घ्या. कुणाचं पोट दुखतंय, कुणाला पिशवी काढायला सांगितलीय, ते विचारा. दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायला सरकारी दवाखान्यापर्यंत गाडी लागली, तर ती गावाने द्यावी. त्यांनी तोडलेल्या उसाचे पैसे आपल्या खात्यात येतात. एवढं आपल्याकडे लागतं.

आम्ही इथे थांबतो. आता तुम्ही विचारा. पहिला प्रश्न मागे बसलेल्या बायकांकडून आला तर बरं वाटेल.